आजीची पन्नास कॅलेंडरं आणि न उलगडलेल्या खुणा

जोंधळा
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

माझी आजी गेल्या मार्गशीर्षात गेली. वय नक्की कुणालाच माहीत नाही. "गांधी गेले तवा मी नवी नवरी हुते" एवढाच तिचा जन्मदाखला. त्यावरून नव्वदी ओलांडली होती एवढं नक्की. गाव माण तालुक्यात, म्हसवडच्या अलीकडं. आयुष्य सगळं त्या एका वस्तीवर गेलं. पंढरपूर, गोंदवलं, शिखर शिंगणापूर आणि मोतीबिंदूसाठी एकदा सातारा, एवढाच प्रवास.

शाळेत ती कधी गेली नाही. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, तेव्हा रात्री कंदिलाच्या उजेडात चावडीत बसून ती अक्षरं शिकली. तेव्हा तिला दोन मुलं होती आणि धाकटं मांडीवर होतं.

आता मुद्दा. माजघरातल्या खिळ्याला १९७४ पासूनची कालनिर्णयची कॅलेंडरं एकावर एक अडकवलेली सापडली. १९८१ चं तेवढं नाही, उंदरांनी खाल्लं असावं. म्हणजे बरोबर पन्नास. एकही चौकट कोरी नाही. आम्हाला वाटायचं दुधाचा हिशोब असेल. तो आहेच, पण बाकी बरंच काही आहे, आणि त्यातलं निम्मं मला लागत नाही. चुलते म्हणतात रद्दीत घाला, वाळवी लागेल. मी आठवडाभर मुदत मागून घेतलीय.

न कळलेल्या गोष्टी:
काही तारखांना फुली (×) आणि मग बऱ्याच महिन्यांनी काळं टिंब. उदा. १२ जानेवारी १९७८ ला फुली, १८ नोव्हेंबर १९७८ ला टिंब. ५ फेब्रुवारी १९८५ ला फुली, १४ नोव्हेंबर १९८५ ला टिंब.
पावसाळ्यात "२ बो", "।। बो", "शिंतोडे". कडेला "त" किंवा "म्हा".
अक्षय तृतीयेला बरीच वर्षं "वि ४ प", "वि ३। प" असं काहीतरी.
कोपऱ्यात बारीक "क", महिन्यातून एकदा.
आणि "आ", खाली दोन रेघा ओढलेला. हा फारच क्वचित.

कुणाच्या घरात असं काही होतं का? आणि या बाडाचं करायचं काय?

टवाळ
पहिलीच खूण मला लागली. फुली म्हणजे आजोबांशी भांडण, टिंब म्हणजे समेट. दहा महिने अबोला, माणदेशी बाणा!

गुरांचा डॉक्टर
टवाळ, गप बस. :)
जोंधळाताई, दिवस मोजा. १२ जानेवारी ते १८ नोव्हेंबर ३१० दिवस. ५ फेब्रुवारी ते १४ नोव्हेंबर २८२. जुनी माणसं सांगायची, गाय नऊ महिने नऊ दिवस, म्हैस दहा महिने दहा दिवस. पहिली नोंद म्हशीची, दुसरी गायीची. फुली म्हणजे रेड्याकडं नेली किंवा भरवली, टिंब म्हणजे व्याली. तीस वर्षं तालुक्याच्या दवाखान्यात काढली, पण भरवल्याची तारीख विचारली की शंभरातले नव्वद जण "झालं की दोन-चार म्हैनं" असं सांगायचे. तुमच्या आजीसारखं गिऱ्हाईक मिळालं असतं तर माझी निम्मी धावपळ वाचली असती.

फुलीनंतर एकवीस दिवसांनी पुन्हा फुली दिसतेय का बघा. असेल तर जनावर उलटलं, म्हणजे गाभण राहिलं नाही.

जोंधळा
आहे! १९८० मध्ये सलग तीन फुल्या, एकवीस-बावीस दिवसांच्या अंतरानं, आणि तिसऱ्या फुलीपुढं "बाजार" असं लिहिलंय.

गुरांचा डॉक्टर
मग ती गाय विकली. वाईट वाटतं, पण हिशोब चोख.

निवृत्त मास्तर
उभ्या दंडांचं कोडं आमच्या पिढीला पडणार नाही, पण तुम्हा लोकांना पडणं साहजिक आहे. एक दंड पाव, दोन अर्धा, तीन पाऊण. म्हणजे "१।" सव्वा, "१।।" दीड, "१।।।" पावणेदोन. पूर्वी वाण्याच्या खतावणीत सगळं असंच असे. तेव्हा "।। बो" म्हणजे अर्धं बोट.

आणि "वि ४ प" म्हणजे विहीर चार परस. परस म्हणजे पुरुषभर उंची, विहिरीची खोली त्यातच मोजत. अक्षय तृतीयेला, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, किती पाणी उरलंय ते आजीबाई लिहून ठेवत होत्या. ग्रामशिक्षण मोहिमेच्या वर्गांत आमच्या वडिलांनीही शिकवलं आहे. ते सांगत, बायका "श्री" गिरवायच्या आधी आपल्या मुलांची नावं लिहायला शिकवा म्हणायच्या.

हवापाणी
मास्तर, धन्यवाद. आता बोटांचं मी सांगतो. जोंधळा, घरात किंवा गोठ्यावर सरळ भिंतीचा एखादा डबा ठेवलेला आठवतो का?

जोंधळा
डालड्याचा पिवळा डबा! गोठ्याच्या पत्र्यावर दोन दगडांच्या बेचक्यात कायम असायचा. आम्ही समजायचो चिमण्यांना पाणी. हात लावला की फटका बसायचा.

हवापाणी
तर तो पर्जन्यमापक होता. गंमत अशी की डब्याचं तोंड लहान असो वा मोठं, भिंती सरळ असल्या की साठलेल्या पाण्याची उंची तीच भरते. तोंड मोठं तर पाणी जास्त पडतं, पण पसरतंही तेवढंच. हवामान खात्याच्या मापकात वर नरसाळं असतं आणि जमलेलं पाणी अरुंद मोजपात्रात ओतून मोजतात, ते वाचायला सोपं जावं म्हणून. ते लोक सकाळी साडेआठला मोजतात. आजी पहाटे मोजत असेल तरी चालतं, रोजची वेळ एक असली म्हणजे झालं.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. तिचं बोट किती मिलिमीटरचं हे कळलं तर पन्नास वर्षांची नोंद वाचता येईल. तुमच्याकडं वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पडतो, त्यातलाही मोठा वाटा परतीचा. अशा ठिकाणच्या एका वस्तीवरची सलग नोंद म्हणजे काय चीज आहे याची तुमच्या चुलत्यांना कल्पना नसणार.

फणसाचे गरे
आमच्याकडे देवरुखात तो डबा एका दुपारी भरून वाहिला असता. आजीनं मग बोटं सोडून हात-दोन हात लिहिले असते.

वऱ्हाडी ठेचा
पाचशे मिलिमीटर वर्षाला? अन् त्यात म्हैस पाळता? धन्य हाय बुवा तुमची. आमच्या आजीचं लिवणं-वाचणं काई नोतं, पन कापूस किती वेचला ते भिंतीवर शेनाची बोटं उमटवून ठेवे. दिवाळीले भिंत सारवली का हिशोब साफ. बाबा म्हनत, सावकारानंच सारवाले लावली.

दुर्बीण
"त" आणि "म्हा" सोपं आहे. पुनर्वसू नक्षत्राचा पाऊस तो तरणा, पुष्याचा तो म्हातारा. तेवढ्यासाठी तोंड उघडलं, पण खरं विचारायचंय वेगळंच. आकाशाच्या काही नोंदी आहेत का? १६ फेब्रुवारी १९८० बघा. त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कर्नाटकातून गेला होता. साताऱ्यात खंडग्रास, पण बराचसा सूर्य झाकला गेला असणार.

जोंधळा
दुर्बीण, अंगावर काटा आला. १६ फेब्रुवारी १९८०: "गिराण. लिंबाखाली चंद्राच्या कोरी. लई. मोजता येईनात."

याची गोष्ट आत्यानं सांगितली. ग्रहण म्हणून सगळे दारं लावून आत बसले होते. आजी मात्र गोठ्याकडं गेली. थोरल्या जाऊबाई ओरडल्या, तर म्हणाली, "मी कुठं सूर्याकडं बघतीया? मी जिमिनीकडं बघतीया." लिंबाच्या पानांतून खाली पडणारे उन्हाचे कवडसे एरवी गोल असतात, ते त्या दिवशी कोरीसारखे झाले होते. असं का, ते ती पुढं वर्षभर प्रत्येक शिकल्या माणसाला विचारत राहिली. ग्रामसेवकाला सांगता आलं नाही. म्हसवडच्या एका गुरुजींनी पुठ्ठ्याला दाभणानं भोक पाडून दाखवलं, तेव्हा तिचं समाधान झालं. पुढं १९९५ च्या दिवाळीतलं ग्रहण आम्हा सगळ्या पोरांना तिनं असंच पुठ्ठ्यातून पाहायला लावलं. तेव्हा मी अकरा वर्षांची होते, मला वाटलं ही युक्ती सगळ्यांच्याच आज्यांना येते.

दुर्बीण
पानांमधली प्रत्येक फट म्हणजे एक सूचिछिद्र कॅमेरा. भौतिकशास्त्राची पदवी घेतलेल्या निम्म्या लोकांना कवडसा गोल का असतो ते सांगता येत नाही. फटी वेड्यावाकड्या, मग कवडसे गोल कसे? कारण तो फटीचा आकार नाही, सूर्याचा. आजीनं बरोब्बर तेच हेरलं होतं. हॅलेचा धूमकेतू? १९८६, मार्च-एप्रिल, पहाट?

जोंधळा
आहे. "शेपटीचा तारा बगितला. पाटं. सगळ्यास्नी उठवलं. तात्या उठला न्हाय."
तात्या म्हणजे तेच चुलते, जे आज रद्दी म्हणतायत.

टवाळ
काही माणसं आयुष्यभर एका बाजूवर ठाम असतात.

डब्लिनकर
आजीनं स्कायलॅबचं, म्हणजे त्या कोसळणाऱ्या अमेरिकी अंतराळस्थानकाचं, काही लिहिलंय का हो? आमच्या गावात लोकांनी कोंबड्या कापून खाल्ल्या होत्या, मरायचंच आहे तर खाऊन मरू म्हणून.

जोंधळा
११ जुलै १९७९: "आज सकायलॅब पडणार." १२ जुलै: "पडलं न्हाय. शेळी वाचली."
आबांनी, म्हणजे आजोबांनी, शेळी कापायची ठरवली होती म्हणे. ही म्हणाली, उद्या सकाळपर्यंत थांबा.

निवृत्त मास्तर
पडले होते, पण ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेकडे.

टवाळ
शेळीला काय फरक पडतो मास्तर.

हवापाणी
विषयाकडे या. नक्षत्राच्या वाहनांबद्दल काही लिहिलंय का? कॅलेंडरवर छापलेलं असतं ना, एखाद्या वर्षी मृगाचं वाहन बेडूक, आर्द्राचं हत्ती वगैरे. शेतकरी त्यावरून पावसाचा अंदाज बांधतात.

जोंधळा
आहे ना. तुम्ही विचारेपर्यंत लक्षात आलं नव्हतं. प्रत्येक नक्षत्राच्या छापील वाहनापुढं तिनं बारीक "खरं" किंवा "खोटं" लिहिलंय. आणि १९९० च्या डिसेंबरच्या पानामागं बेरीज आहे. हत्ती, बेडूक, म्हैस, कोल्हा, उंदीर, घोडा, मोर, मेंढा, गाढव, सगळ्यांची. हत्तीपुढं "९ डाव. ४ खरं." गाढवापुढं "७ डाव. ४ खरं." आणि खाली एकच ओळ: "गाढाव बरं."

हवापाणी
दिवसभर हसतोय. सोळा वर्षांच्या नोंदींवर भाकीत तपासून बघणं याला आमच्या खात्यात पडताळणी म्हणतात, आणि त्यासाठी वेगळा विभाग असतो.

उंबरठा
सगळं वाचलं. कौतुक आहेच, पण मला थोडं टोचायचंय, रागावू नका.

आपण सगळे किती खुशीत आहोत, नाही? गोठ्यावरचा डबा, लिंबाखालच्या कोरी, आमची आजी शास्त्रज्ञ. पण हे सगळं तिनं कॅलेंडरच्या बोटभर चौकटीत का लिहिलं? कारण तिला कुणी वही दिली नाही. कवडसे कोरीसारखे का होतात, या प्रश्नाचं उत्तर मिळायला एका हुशार बाईला वर्षभर वाट बघावी लागली. हीच बाई दहा कोस पलीकडं, वेगळ्या घरात, वेगळ्या काळात जन्मली असती तर? "साधं, समाधानी आयुष्य" असं लिहून आपण फार स्वस्तात सुटतो. समाधान होतं की दुसरा रस्ताच नव्हता, हे तिला कुणी विचारलं होतं का?

फणसाचे गरे
उंबरठा, धागा आठवणींचा आहे, प्रत्येक ठिकाणी हे आणायलाच हवं का? माझी आजी घरच्यांसाठी राबली आणि त्यात आनंदी होती. मी डोळ्यांनी पाहिलंय.

उंबरठा
डोळ्यांनी पाहिलंत, विचारलंत का?

वऱ्हाडी ठेचा
दोघंबी बरोबर असू शकता ना बाप्पा. माही आजी आनंदी बी होती अन् करवादत बी होती, एकाच दिवशी, एकाच चुलीपाशी.

जोंधळा
मी विचारलं नाही, हे कबूल. कधी सुचलंच नाही. तिला प्रश्न विचारायची सवय होती, म्हणून तिला कुणी विचारावं असं वाटलंच नाही बहुतेक. ती मला फोनवर विचारायची, विमान वर थांबतं का गं, सिग्नलला? पुण्यातल्या नळाचं पाणी कुठल्या धरणाचं? तुझ्या हापिसात खिडकी हाय का?

"क" अजून कुणाला लागला नाही. केस धुवायचा दिवस असावा असा आईचा अंदाज.

टवाळ
कर्जाचा हप्ता.

निवृत्त मास्तर
कीर्तन? गोंदवल्याला जात असतील.

उंबरठा
जोंधळा, तुमच्या आईचं लग्न कधी झालं?

जोंधळा
मे १९८२. का?

उंबरठा
आणि "क" कधीपासून आहे?

जोंधळा
जून १९८२.
अरे देवा.

उंबरठा
कावळा. सुनेला कावळा शिवला की नोंद. एकत्र कुटुंबात चार दिवस चुलीपाशी कोण जाणार हे आधी ठरवायला लागायचं, आमच्याही घरी सासूबाई मनात तारखा धरून असायच्या. तुमच्या आजीनं लिहून ठेवलं एवढंच. खंड कधी पडला ते बघा. आणि एक विनंती, त्या पानांचे फोटो इथं टाकू नका. ते तुमच्या आईचं आहे, आजीचं नाही आणि आपलं तर नाहीच.

जोंधळा
नाही टाकणार. आईची परवानगी घेऊन एवढंच लिहिते.

खंड पडण्याआधीचा शेवटचा "क" ३ सप्टेंबर १९८३ ला. पुढं ऑक्टोबरच्या चौकटीत रिकामा कोपरा आणि तिथं फक्त एक टिंब, न भरलेलं, नुसती गोल रेघ. मग ११ जून १९८४: "मिरग. पोरगी, ३।। वाजता. १। बो." ती पोरगी मी. दुपारी मी झाले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आजीनं पत्र्यावर चढून डबा बघितला. सव्वा बोट.

आईला दाखवलं. ती बराच वेळ ऑक्टोबरच्या पानाकडं बघत राहिली. मला वाटलं रागावणार. मग म्हणाली, "म्हणजे त्यांना माझ्याआधी कळलं होतं. तरीच त्या महिन्यात मला विहिरीवर पाठवेनात."

गुरांचा डॉक्टर
२८२ दिवस. त्या गायीइतकेच. क्षमस्व, सवय जात नाही.

जोंधळा
हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणते डॉक्टरांना एकदा जेवायला बोलवा.

आत्याच्या घरी एक काडी सापडली, निरगुडीची, वीतभर, चाकूनं खाचा पाडलेली. आजीनं मोजायला वापरलेली काडी आत्यानं आठवण म्हणून नेली होती, पण कशासाठी होती ते तिला माहीत नव्हतं. पट्टी लावली. दोन खाचांत १९ मिलिमीटर.

हवापाणी
म्हणजे एक बोट १९ मिमी. एखादं वर्ष काढा ना. २०१२ काढा, त्या दुष्काळात म्हसवडला जनावरांच्या छावण्या होत्या.

जोंधळा
रात्री बसून बेरीज केली. २०१२ सालची सगळी मिळून १३ बोटं.

हवापाणी
२४७ मिलिमीटर. "शिंतोडे" यात धरलेले नाहीत, शिवाय डब्यातलं थोडं वाफ होऊन उडतं, म्हणजे खरा आकडा थोडा जास्त. तरी वर्षाच्या सरासरीच्या निम्म्यापाशी. जोंधळा, तुम्ही फक्त आकडे एका तक्त्यात उतरवा. पाऊस आणि विहीर एवढंच. बाकी घरातलं घरात राहू द्या. विहिरीच्या पाण्याच्या नोंदी भूजल सर्वेक्षणवाले ठरावीक विहिरींच्या वर्षातून चारदाच घेतात, आणि तुमची विहीर त्यात असण्याची शक्यता फार कमी.

जोंधळा
विहीर वाचताना वाईट वाटतं. सत्तरच्या दशकात "४ प", "३।।". १९८६-८७ ला "१". मग शेजारच्या शिवारात बोअर पडायला लागल्यावर "।।", "।". २००३ ला "कोरडी". २००४ ला पुन्हा "कोरडी". त्यानंतर अक्षय तृतीयेला "वि" लिहिलेलंच नाही. आता आसपासच्या काही गावांत उरमोडी धरणाचं पाणी आलंय, पण आमच्या विहिरीत नाही.

बहात्तरच्या दुष्काळाचं कॅलेंडर नाही, पण ते ती तोंडानं सांगायची. खडी फोडायला गेलेली. सरकारनं दिलेल्या तांबड्या मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची, भाकरी थापली की चिरायची, म्हणून तिनं तिथंच प्रयोग केले. कोमट पाणी, गार पाणी, आधणाचं पाणी. आधणाच्या पाण्यात उकड काढली की भाकरी टिकते, हे तिनं कामावरच्या सगळ्या बायकांना शिकवलं. मुलं जेवली पाहिजेत म्हणून केलं की चिरते का हे बघायचं म्हणून केलं, हे तिलाही वेगळं करता आलं नसतं असं मला वाटतं. उंबरठा, तुमचा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाहीये.

निवृत्त मास्तर
मिलो! घशाखाली उतरत नसे. सुकडी मात्र आम्ही शाळेत चोरून खायचो.

डब्लिनकर
सुकडी... मास्तर, तुम्ही रविवारची सकाळ खराब केलीत. इथे कुठे मिळणार आता.

कागदाची होडी
मी जुन्या कागदपत्रांचं काम करते. रद्दी हा शब्द कानावर येऊ देऊ नका. वरची पत्र्याची पट्टी गंजली असेल तर ती हळूच काढा, गंज कागद खातो. खिळ्यावरून उतरवा. प्लास्टिकच्या पिशवीत बिलकुल घालू नका, घाम धरतो. सुती कापडात आडवी ठेवा, सोबत कडुलिंबाचा सावलीत वाळवलेला पाला. आणि प्रत्येक पानाचा दिवसाउजेडी फोटो, मागच्या बाजूसकट. लोक मागची बाजू विसरतात.

जोंधळा
खूप आभार. मागची बाजू तर खजिना आहे, हत्ती-गाढव तिथंच होतं.

आता शेवटचं. "आ". पन्नास वर्षांत एकोणीस वेळा. खाली दोन रेघा. कुणालाच लागत नाही. आजार म्हणावं तर आजारपणं तिनं वेगळी लिहिलीत.

टवाळ
आमरस. माणात आमरस वर्षाआड मिळत असेल.

गुरांचा डॉक्टर
आवण? आटली? म्हशीचं काही वाटत नाही. माझी मती संपली.

फणसाचे गरे
आनंद? आनंदाचे दिवस लिहून ठेवले असतील.

उंबरठा
एकोणीस?

जोंधळा
चार दिवस आले नाही, कारण आत्याकडं जाऊन आले. "आ" तिला बघताक्षणी कळला.

"आ" म्हणजे आधी. आजी ज्या दिवशी आधी जेवली ते दिवस. पुरुष, मग पोरं, मग सुना, आणि शेवटी ती, हा आमच्या घरचा क्रम. सुना आल्यावरही तिनं तो मोडला नाही. लग्नाकार्यातल्या पंगती तिनं धरलेल्या नाहीत. घरातल्या घरात कुणीतरी तिला हात धरून आधी पाटावर बसवलं, ते फक्त धरलंय.

पहिला "आ" १९७६ च्या श्रावणात. आत्या पंचमीला माहेरी आली होती, तिनं हट्ट केला. आत्याला ताटात काय होतं तेही आठवतं, पुरणाची दिंडं. १९९५ मध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा सलग तीन. त्यातला एक आबांनी स्वतः वाढलेला. त्याच्याशेजारी तिनं लिहिलंय: "मीठ कमी."

आबा २००९ ला गेले. त्यानंतर एकही "आ" नाही. आत्या म्हणते, नंतर ती रोजच आधी जेवायची, थांबायचं कुणासाठी? मग लिहिण्यासारखं काही उरलं नसेल.

फणसाचे गरे, तुमचा अंदाजही चुकला असं मला म्हणवत नाही.

उंबरठा
आबांनी वाढलं आणि हिनं मीठ कमी लिहिलं. एवढं वाचून आज बरं वाटलं मला.

फणसाचे गरे
मी आज आईला फोन केला. काय विचारायचं ते सुचलं नाही, मग जेवलीस का एवढंच विचारलं. सगळ्यांचं झालं की बसते, म्हणाली.

वऱ्हाडी ठेचा
हव्. आमच्याकडं बी.

जोंधळा
बाडाचं ठरलं. आईच्या नोंदींची पानं आईकडं. बाकी सगळी सुती लुगड्यात बांधून माझ्याकडं पुण्यात. पाऊस-विहिरीचा तक्ता सुरू केलाय, १९७४ ते १९७९ उतरवून झालं. हवापाणी, तुम्हाला पाठवते.

तात्यांनी रद्दीचा हट्ट सोडला. काल स्वतः येऊन बसले, हॅलेची चौकट दोनदा वाचली आणि म्हणाले, "मी जागा हुतो. थंडी हुती म्हणून उठलो न्हाय." आणि जाताजाता १९८१ चा उलगडाही करून गेले. उंदीरबिंदीर काही नाही. त्या वर्षी कॅलेंडर ओसरीवर खाली पडलं होतं, ते शेळीनं खाल्लं.

टवाळ
थांबा. तीच शेळी? स्कायलॅबमधून वाचलेली?

जोंधळा
विचारते. :)

जोंधळा
तीच.